घामाचा घ

माझ्या आत्याला घाम यायचा. म्हणजे सगळ्यांनाच येतो, पण तिला यायचा तो नळ सोडल्यासारखा. जिना चढली की कपाळावर, चहा प्यायली की ओठावर, रागावली की मानेमागे. आणि रागवायची ती दिवसातून चार वेळा, त्यामुळे तिची मान कोरडी अशी मी फारशी पाहिलीच नाही. मी तिच्याकडेच वाढले, तिच्याच कुशीत झोपले. तेव्हा मी लिहिणार ते एकांगी असणार, हे आधीच सांगून टाकते. ज्याला दुसरी बाजू हवी असेल त्यानं ती काम करायची तिथल्या मालकाकडे जावं. तो अजून चिडलेला आहे आणि मला त्याचा आनंद आहे.

आत्या एका छापखान्यात प्रूफं तपासायची. एकतीस वर्षं. छापायच्या आधी मजकूर वाचायचा, चुका काढायच्या, सगळं बरोबर झालं की खाली 'ठीक' लिहून सही करायची, एवढं काम. पण ते तिच्या अंगात भिनलं होतं. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचतानासुद्धा तिचा हात पेन्सिल शोधायचा. छापखान्यात तिला 'वेलांटी' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. तिनं 'ठीक' लिहिलेल्या कागदात मागाहून चूक निघाली, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. बाकी तिच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. लग्न केलं नाही, रूप बेताचं, स्वयंपाक तर विचारूच नका. ही एवढी एक गोष्ट होती आणि ती तिनं तळहाताच्या फोडासारखी जपली होती.

तिची खोली वरच्या मजल्यावर. खाली छपाईची यंत्रं, त्यांची धग फरशीतून वर यायची. चपला काढल्या तर पाय भाजत. पंखा होता, पण लावायची सोय नव्हती. लावला की प्रूफं उडत, आणि कागदावर वजन ठेवलं की नेमकी वजनाखालचीच ओळ वाचायची राहते, असं आत्याचं म्हणणं. म्हणून पंखा बंद. ओळीखाली लाकडी पट्टी सरकवत, ओठांतल्या ओठांत एकेक अक्षर पुटपुटत ती वाचायची. घाम कागदावर ओघळू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधायची. शाईचं पेन वापरायची नाही, थेंब पडला की शाई पसरते, लाल पेन्सिल. म्हणजे घामाची सगळी व्यवस्था तिनं कामाच्या सोयीनं लावली होती, कुणाच्या नाकाच्या सोयीनं नव्हे.

मोठे मालक होते तोवर याचं कुणाला काही वाटलं नाही. त्यांना स्वतःलाच दरदरून घाम यायचा. ते वर येत, तिच्यासमोर स्टूल ओढून बसत आणि दोघं आपापली तोंडं पुसत एखाद्या ऱ्हस्व-दीर्घावरून तासभर भांडत. ते वारले आणि मुलगा आला. छापखान्यात त्याला 'साहेब' म्हणत. मी धाकटाच म्हणणार. धाकट्यानं खाली काचेची केबिन केली, थंड हवेचं यंत्र बसवलं, आणि स्वतः इतकं सेंट मारायचा की तो जिन्यात असला तरी वर आत्याला शिंका यायच्या. त्या वासाबद्दल कधी सूचना निघाली नाही.

एक दिवस शाळेची पुस्तकं छापून घेणाऱ्या एक प्रकाशकबाई प्रूफ बघायला वर गेल्या. छापखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दुपारचे तीन वाजले होते. खोटं कशाला बोलू, तीन वाजता आत्याच्या खोलीत वास असायचा. सकाळी आंघोळ करून निघालेलं माणूस दिवसभर भट्टीवर बसलं की येतो, तो. प्रकाशकबाईंनी नाकाला रुमाल लावला, "खालीच पाठवा हो कागद," म्हणाल्या आणि उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सूचना निघाली. फलकावर लागायच्या आधी ती आत्याच्याच टेबलावर आली, कारण छापखान्यातला चिठोराही तिच्या सहीशिवाय छापला जात नसे. मजकूर असा होता: 'काही कर्मचाऱ्यांच्या शरिराला येणाऱ्या दुर्गंधीमुळे ग्राहकांना त्रास होत आहे. सबंधितांनी वैयक्तिक स्वच्छता पाळावी.' कर्मचारी बारा, पण 'काही' म्हणजे कोण हे बाराही जणांना माहीत होतं. आत्यानं दोनदा वाचलं. मग 'शरिराला'मधली री दीर्घ केली, 'सबंधितांनी'वर राहिलेला अनुस्वार दिला, 'ठीक' लिहून सही केली आणि कागद खाली पाठवला.

संध्याकाळी तिनं हे मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणाले, "अगं, तशीच जाऊ द्यायचीस ना! लोक त्याला तरी हसले असते."

"माझ्या हातून?" ती म्हणाली. "माझ्या हातून चूक जाईल? तो कोण एवढा लागून गेलाय?"

मग तिनं घामाकडे एखाद्या अवघड प्रूफासारखं लक्ष घातलं. दोनदा आंघोळ. काखेत तुरटीचा खडा. कांदा-लसूण बंद, त्यामुळे माझाही बंद. सैल सुती कपडे, पिशवीत आणखी एक जोड, दुपारी छापखान्याच्या मोरीत अंग पुसून तो बदलायचा. शेवटी ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "ताज्या घामाला फारसा वास नसतो, तो अंगावर आणि कपड्यात मुरला की येतो. आणि काही माणसांना घाम जास्तच येतो. यात तुमचा काही दोष नाही." त्यानं एक मलम दिलं. झोपताना, अंग पूर्ण कोरडं करून लावायचं. महिन्याभरात गुण आला. तिचे अंगावरून काढलेले कपडे मी स्वतः हुंगून बघायचे, साबणाशिवाय कसला वास नाही. घाम कपाळावरून वाहायचा तसा वाहत होता, पण वास गेला होता.

पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिला वेलांटी कुणी म्हणेना. 'अत्तर' म्हणायला लागले.

आणि मग तो दिवस आला, ज्याच्याबद्दल मी धाकट्याला कधीही माफ करणार नाही. प्रकाशकबाई पुन्हा यायच्या होत्या. त्या यायच्या आधी धाकटा सुगंधी फवाऱ्याचा डबा घेऊन वर गेला आणि एक शब्द न बोलता त्यानं फवारायला सुरुवात केली. टेबलाभोवती, खुर्चीमागे, आणि मग आत्याच्या डोक्यावरून. डास मारतात तसं. ती वाचत होती. पट्टी ओळीखाली होती. चष्म्याच्या काचांवर बारीक थेंब बसले आणि तिला अक्षर दिसेना. संगणकावर मजकूर जुळवणारी मुलगी दारात उभी होती, ती फिस्सकन हसली.

"मनावर घेऊ नका हं बाई," धाकटा म्हणाला. "गिऱ्हाइकासाठी करावं लागतं."

पुढच्या आठवड्यात तिचं टेबल मागच्या कागदाच्या गोदामात गेलं. तिथं खिडकी नव्हती. प्रूफं दाराजवळच्या एका टोपलीत ठेवून जात, आत कुणी येत नसे.

आत्या रडली नाही.  चौथ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मी सूड घेणार." सूड म्हणताना तिनं ऊ व्यवस्थित दीर्घ उच्चारला.

"कसा?"

"ते अजून ठरलं नाही. पण घेणार."

मला खरं तर हसू आलं होतं. साठीला टेकलेली, गोदामात बसलेली बाई मालकाचं काय वाकडं करणार? कामात कुचराई करणं तिला जमणार नव्हतं, शिव्या तिला येत नव्हत्या, आणि काम सोडलं तर धाकटा सुटकेचा श्वासच टाकणार. चार-पाच महिने असेच गेले. सुडाचा विषय निघाला की ती "थांब" एवढंच म्हणायची.

त्या सुमाराला धाकट्यानं बंगला बांधला. फाटकाशेजारी काळा दगड बसवायचा, त्यावर अक्षरं कोरायची, असं ठरलं. मजकूर त्यानं स्वतः लिहिला. साहेबच ते, लिहिणार नाहीत तर काय. 'वडिलांनी आयुष्यभर गाळलेल्या घामातून उभे राहिलेले आमचे सुखधाम. येणाऱ्या प्रत्येकाचे मनःपूर्वक स्वागत.' वडिलांचा घाम! तो दगडावर कोरायला चालत होता. त्या वडिलांसमोर बसून जिनं घाम गाळला, तिच्या डोक्यावर फवारा.

मजकूर जुळवला त्या हसणाऱ्या मुलीनं. 'घामातून' लिहिताना बोटांना जे वळण लागलं, ते चार शब्द पुढेही तसंच राहिलं. 'सुखधाम'चं झालं 'सुखघाम'. घ आणि ध यांत फरक तो केवढा, डोक्यावरची रेघ जोडलेली की तुटलेली, एवढाच. मुलीला दिसला नाही. धाकट्यानं वाचलं, पण स्वतः लिहिलेलं माणूस वाचत नाही, आठवतो. त्यालाही दिसला नाही. त्यानं कागद गोदामात पाठवला आणि वर चिठ्ठी लावली: 'बाईंची सही आल्याशिवाय दगडाला छिन्नी लावू नये.'

आत्याला तो घ टोपलीतून कागद उचलतानाच दिसला. खुर्चीत बसायच्याही आधी.

नंतर तिनं मला सांगितलं, की चूक दिसली की तिचा उजवा हात आपोआप उचलला जायचा, तसा तो त्या दिवशीही उचलला गेला. तिनं तो डाव्या हातानं धरून ठेवला. मनगटावरचा रुमाल पिळून निघेल इतका भिजला. तिला धाकट्याची दया येत होती असं मुळीच नाही. तिला त्या चिठ्ठीचा त्रास होत होता. या माणसानं तिला हुसकून गोदामात बसवलं, सगळ्यांसमोर तिची शोभा केली, पण तिच्या सहीवर त्याचा त्याच्या बापाइतकाच विश्वास होता. सूड घ्यायचा तर तो धाकट्याआधी स्वतःच्याच एकतीस वर्षांवर घ्यावा लागणार होता. दुसरी वाट नव्हती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग तिनं 'ठीक' लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद टोपलीत ठेवला.

घरी आली तेव्हा तिला ताप होता. मी तर सगळं ऐकून खोलीभर नाचले. ती म्हणाली, "नाचू नकोस, फार वाईट वाटतंय." थोड्या वेळानं म्हणाली, "पण गोडही वाटतंय."

बंगल्याच्या उद्घाटनाला छापखान्यातल्या सगळ्यांना बोलावणं होतं. आत्या गेली नाही, मी तिच्या वतीनं गेले. हे दृश्य मी कशालाही चुकवलं नसतं. उकाडा मरणाचा. फाटकापाशी माणसांची दाटी, दगडावर पांढरा पडदा. धाकट्यानं वडिलांच्या कष्टांवर भाषण केलं, पडदा ओढला, टाळ्या झाल्या. पुढच्याच रांगेत प्रकाशकबाई. आयुष्य पुस्तकांत गेलेलं, त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. "वडिलांनी आयुष्यभर गाळलेल्या घामातून उभे राहिलेले आमचे... सुख... घाम?" आणि त्यांनी खरंच नाकाला रुमाल लावला. हसू दाबायला लावला, पण लावला. मागून कुणीतरी म्हणालं, "येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत म्हणे!" मग मात्र जो हशा पिकला, तो काही केल्या आवरेना. धाकटा आधी लोकांबरोबर हसला. मग वळून दगडाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी घरी येऊन आत्याला सगळं तीनदा करून दाखवलं.

दोन दिवसांत बंगल्याला गावात नाव मिळालं. टपालवाला विचारायचा, "घामाचा बंगला हाच ना?" धाकट्यानं दगडावर गोणपाट टांगलं, तेव्हा ज्यांना माहीत नव्हतं तेही उचलून बघायला लागले.

सोमवारी त्यानं सगळ्यांना केबिनबाहेर जमवलं. आत्या तयारी करून गेली होती. तो ओरडणार, सही पुढे नाचवणार, कामावरून काढणार, आणि ती ताठ मानेनं निघून येणार. पण तो ओरडलाच नाही. फार गोड आवाजात म्हणाला, "बाईंना कुणी काही बोलायचं नाही. वय झालं, डोळे थकायचेच. एवढी वर्षं केलं त्यांनी, आता एक चूक झाली तर मी पोटात घालतो. बाई, उद्यापासून तुम्ही छापलेल्या कागदांच्या घड्या घालायला बसा. वाचायचा त्रास नको."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कीव आली होती सगळ्यांना तिची. ती हसणारी मुलगी तर म्हणाली, "माझ्या आजीचंही असंच झालंय हो."

आत्या म्हणायची, त्या फवाऱ्यानं झालं नव्हतं तेवढं त्या क्षणी झालं. तिनं मुद्दाम सोडली होती ती चूक तिच्या म्हातारपणाच्या नावावर जमा होत होती, आणि वर तो तिला क्षमा करत होता. गप्प बसली असती तर उरलेलं आयुष्य ती 'डोळे गेलेली बिचारी बाई' म्हणून राहिली असती.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"असू दे हो बाई."

"असू दे काय? घ मला दिसला होता. मी मुद्दाम सोडला."

"बाई, कशाला मनाला लावून घेता," धाकटा म्हणाला आणि बाकीच्यांकडे बघून त्यानं हळूच मान हलवली. कुणाचाच विश्वास बसला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पाप केलं होतं आणि ते कुणी तिचं मानायला तयार नव्हतं.

आत्यानं घाम पुसला. खांद्याला पिशवी लावली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "त्या दगडावर अजून एक चूक आहे. तीही मला दिसली होती. तुम्ही सगळे चांगल्या डोळ्यांचे आहात, शोधा." आणि चालती झाली.

त्यानंतर जे झालं ते ऐकून माझी झोप उडायची, आनंदानं. नवा दगड आणून ठेवला होता, कोरणारा तयार होता, पण धाकट्याची कोरायला सांगायची छाती होईना. दुसरी चूकही तशीच कोरली गेली तर? सगळा छापखाना तो दोन ओळींचा मजकूर घेऊन बसला. मग त्यानं तीन भाषाशिक्षकांना गाठलं. पहिला म्हणाला, 'आयुष्यभर' तोडून लिहा. दुसरा म्हणाला, मुळीच तोडू नका, पण 'घामातून'वर पूर्वी अनुस्वार असायचा, त्याचा विचार करा. तिसऱ्यानं आधी 'मनःपूर्वक'वर बोट ठेवलं, मग काढलं, मग म्हणाला वाक्यात क्रियापदच नाही. तिघांची चार मतं झाली. शुद्धलेखनावर आपल्याकडे दोघांचं कधी जमलंय? धाकटा सकाळी कामावर जाताना फाटकापाशी थांबायचा, गोणपाट उचलायचा, बोटानं एकेक अक्षर वाचायचा. लोक बघायचे.

सात आठवड्यांनी तो आमच्या घरी आला. भर दुपारी, चार मजले चढून. दार मी उघडलं. "बाई आहेत का?" म्हणाला. हातात मजकुराचा कागद. आत्यानं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"बाई, झालं गेलं विसरा," तो म्हणाला. "तेवढी दुसरी चूक सांगा. मी पाया पडतो."

आत्यानं चष्मा लावला, कागद घेतला आणि वाचायला लागली. ओठ हलत होते. दोन ओळी. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. तो खुर्चीच्या काठावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. मीही बघत होते, कारण मलाही तिनं सांगितलं नव्हतं आणि मीही तो मजकूर शंभरदा वाचून हरले होते. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. शेवटी तिनं कागदाची घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

"एवढी ठळक आहे," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांना लगेच दिसली असती."

त्यानं कागद खिशात घातला. उठला आणि गेला. जिन्यात त्याची पावलं वाजायची थांबेपर्यंत मी कसाबसा दम धरला, मग तिला गदागदा हलवून विचारलं, "कुठली गं? मला तरी सांग!"

"दुसरी नाहीच," आत्या म्हणाली. "एक घ सोडला तर मजकूर स्वच्छ आहे."

"मग अर्धा तास वाचत काय होतीस?"

"वाचत कुठं होते? त्याच्याकडे बघत होते. आधी कपाळावर आला, मग मानेवर. शर्ट पाठीला चिकटेपर्यंत थांबले, आणि मग दिला कागद."